प्रार्थना मोठी झाली, पण नाव राहिले



गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या वस्तीतील एका घरी रोजरीची प्रार्थना होती. घरचा कर्ता मुलगा आजारी होता. प्रार्थना मी चालवत होतो. मोबाईलवर ऐकून शिकलेला कंप मी आवाजात आणला, डोळे घट्ट मिटले, शब्द लांबवले. काही बायका रडल्या. मला बरे वाटले. निघताना घरची आजी हळूच म्हणाली, "मास्तर, प्रार्थना लय मोठी केली जी तुम्ही. माह्या पोराचं नाव मात्र नाही आलं त्यात."

त्या रात्री मला झोप आली नाही.

प्रभू येशूने ज्यांना ढोंगी म्हटले, त्यांच्यासाठी शुभवर्तमानात आलेला मूळ ग्रीक शब्द रंगमंचावरील नटाचा आहे. नट वाईट नसतो. पण त्याची नजर प्रेक्षकांवर असते. त्या संध्याकाळी माझीही नजर त्या बायकांच्या डोळ्यांवर होती.

मग काहीजण विचारतात, मन कोरडे असेल त्या दिवशी प्रार्थना चालवूच नये का? मला हे पटत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना स्तोत्रे गाताना मन आवाजाशी जुळवून घ्यायला सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात हीच अपेक्षा सर्व भाविकांकडून केली. शब्द आधी हाती येतात, मन मागून त्यांच्यापाशी आणायचे असते. म्हणून कोरड्या मनाने, पण प्रामाणिकपणे म्हटलेली 'हे आमच्या बापा' खोटी नाही. नसलेला उमाळा दाखवणे हे खोटे.

निर्दोष माणसानेच पुढे उभे राहावे, हेही मला मान्य नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. टिळकांचा तापट स्वभाव लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लपवलेला नाही. तरीही त्यांची गीते मराठी मंडळ्या आजही गातात. घरातले दोष उघड असूनही त्या गीतांचा मान उतरला नाही. आपण मात्र वेदीजवळ एक चेहरा नेतो आणि घरी दुसरा ठेवतो, आणि दोन्ही एकच असल्याचे भासवतो.

माझ्यासारख्या सेवकांना तीनच गोष्टी सुचवतो. प्रार्थनेआधी घरच्यांजवळ बसून, कोणासाठी आणि कशासाठी प्रार्थना करायची, ते विचारा. आपल्या आदिलाबादेत एकाच वस्तीत मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारे असतात; आजारी माणसाला जी भाषा कळते तिच्यात निदान दोन वाक्ये बोला, मोडकी असली तरी चालतील. आणि शब्द सुचले नाहीत तर गप्प राहा. आपल्या अविश्वासासाठीच मदत मागणारा तो मुलाचा बाप आठवा. प्रभूने त्याला परत पाठवले नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या घरी पुन्हा गेलो. आजीची क्षमा मागितली. प्रार्थना चारच वाक्यांची झाली. कोणी रडले नाही. पहिल्याच वाक्यात तिच्या मुलाचे नाव होते, आणि ते ऐकून त्याने खाटेवरूनच हात जोडले.

प्रभू आपल्या ओठांना आपल्या अंतःकरणाच्या जवळ आणो. आमेन.