पास मिळतील का हो?

नाटकात काम करणारा कुणी ओळखीचा निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पास मिळतील का हो?" नाटक कोणतं, लेखक कोण, हे नंतर.

पास ही पद्धतच वाईट असं मी म्हणणार नाही. नटाच्या आईवडिलांनी, बायकोने किंवा नवऱ्याने तिकीट काढून आत जावं हे बरं दिसत नाही. ज्यांच्या घरच्यांनी तालमींच्या महिन्यांत जेवणं झाकून ठेवली, त्यांचा दोन खुर्च्यांवर हक्कच आहे. माझ्या मते हा हक्क नेपथ्य लावणाऱ्याच्या, कपडेपट सांभाळणाऱ्याच्या घरच्यांनाही तेवढाच हवा. नटाच्या मेव्हण्याचा मित्र तिसऱ्या रांगेत बसतो, आणि पडदा ओढणाऱ्याच्या मुलांनी बापाचं नाटक कधी पाहिलेलंच नसतं, हे मला खटकतं.

माझा आक्षेप आहे तो उरलेल्यांबद्दल. साधा हिशेब करून पाहा. तिकीट 400 रुपये धरलं आणि वीस पास गेले, तर 8000 रुपये झाले. नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, टेम्पो, कलाकारांची नाईट, हे सगळं गल्ल्यातूनच जायचं असतं. प्रयोग तोट्यात गेला की निर्माता पुढची तारीख सोडतो. मग ज्या भाच्याकडून आपण कौतुकाने पास घेतला, त्याचीच नाईट बुडते!

यावर काही जण म्हणतात, रिकाम्या खुर्च्यांपुढे काम करण्यापेक्षा पासवाले बरे. एखाद्या प्रयोगाला ते खरंही असेल. पण फुकट मिळतं हे एकदा कळलं की खिडकीवर कोण जाईल? शिवाय फुकटाची किंमत नसते. पासवाला पाऊस आला तर येत नाही, आणि त्याची राखलेली पुढची खुर्ची नटाच्या डोळ्यांसमोर रिकामी राहते.

1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केलं, तेव्हा लोकांनी चढ्या दराची तिकिटं काढली. आज हॉटेलात चार जणांचं बिल आपण मुकाट्याने देतो. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी मंडळी पदरमोड करून नाटक उभं करतात, तिथलं तिकीट तर नाममात्र असतं. तरी तिथेही दारात "आम्ही अमक्याचे पाहुणे" असं ऐकू येतंच.

नटालाही नाही म्हणता येत नाही, नातं आडवं येतं. म्हणून मागणाऱ्यानेच थांबावं. ओळखीचं माणूस रंगमंचावर असेल तर खिडकीवर जाऊन तिकीट काढावं, आणि प्रयोगानंतर आत जाऊन भेटावं. त्याला कौतुकाइतकाच त्या तिकिटाचाही आधार असतो.

बघा, पटतंय का.