कॅमोमाइल चवीपुरते

कॉकटेलमध्ये कॅमोमाइल दिसले की 'हे काय नवे खूळ' म्हणून नाक मुरडणारे असतात. पण खूळ म्हणावे तर ते बरेच जुने आहे. इटलीतल्या पिडमाँटमध्ये द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेल्या ग्राप्पात ही फुले मुरवतात, अनेक व्हर्मूथांत ती असतात आणि २००० साली आलेल्या टँकरे नंबर टेन या जिनमध्येही ताज्या लिंबूवर्गीय फळांच्या जोडीला तीच आहेत. खरा आक्षेप असा, की इतका नाजूक वास दारूपुढे टिकणार कसा? पण या फुलांतली सुगंधी तेले पाण्यात जेमतेम उतरतात, अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळतात. ७५० मिलिलिटर जिनला दोन मोठे चमचे सुकी फुले, दोनेक तास, मग गाळून घ्यायचे. रात्रभर ठेवलीत तर असा कडवटपणा चढतो, की लिंबू-मधालाही तो दबत नाही. गडद रम किंवा कोलामध्ये मात्र या फुलांच्या वासाचा मागमूस राहत नाही, तिथे आक्षेप घेणाऱ्यांचेच बरोबर. 'शांत झोप लागेल' असे मेनूवर छापून हे पेय विकणे मात्र मुळीच पटत नाही. फुलांचा झोपेवरचा गुण अजून पुरता सिद्ध व्हायचाय. मद्य उत्तररात्रीची झोप मोडते, हे पक्के ठाऊक आहे. तेव्हा चवीसाठी घ्या, आणि शेवंतीच्या कुळातल्या फुलांची अ‍ॅलर्जी असेल किंवा वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर या ग्लासाला हातही लावू नका.