बारवेला गिलावा कशाला?



‘बारवेला आतून सिमेंटचा गिलावा करा, पोरांना पोहायचा तलाव मिळेल’ हे मागील अंकातले पत्र वाचले. हेतू चांगला, उपाय घातक. तलावात पाणी कोंडायचे असते. बारवेत ते दगडांच्या सांध्यांतून झिरपत यायचे असते. सिंदखेडराजाच्या पुतळा बारवेला असा लेप दिला तर झरे बुजतील, ओल आत अडकून क्षार फुलतील, शिल्पांचे पापुद्रे सुटतील.

सांधे झिजले असतील तिथे चुना, वाळू आणि विटांची सुरखी मळून दर्जा भराव्यात. सुरखी हवीच, नुसता चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. वर ओले गोणपाट टाकावे, नाहीतर आपल्याकडचे ऊन चुना तडकवते. आणि हो, आधी गाळ काढा!

– एक वाचक, देऊळगाव राजा