सालगड्याचा हिशेब आणि कपाशीची सबसिडी



19 ऑगस्ट 2025 पासून दिल्लीचा हुकूम लागू झाला. परदेशातून येणाऱ्या कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ! मुदत आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. त्या दिवशी वडवणीच्या माळावर कपाशी पाते-फुलावर होती. डिसेंबर सरेपर्यंत कोरडवाहू कपाशीची वेचणी बहुतेक आटोपते आणि उधारी भागवायला माल विकलाही जातो. म्हणजे आपली वेचणी सुरू व्हायच्या आधी दार उघडले आणि आपले घर रिकामे होईपर्यंत उघडे ठेवले.

हे का झाले? भारत रशियाचे तेल घेतो म्हणून अमेरिकेने 27 ऑगस्टपासून आपल्या मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला. कापड गिरण्यांना झळ बसली. त्यांना दिलासा हवा, तर तो तिजोरीतून देता आला असता. तो कापसाच्या भावातून दिला. भांडण तेलाचे, आणि भरपाई पऱ्हाटीची. दिवाळीच्या सुमारास लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये कागदावर होता आणि व्यापाऱ्याचा भाव त्याच्या खाली. सीसीआयकडे जावे तर आधी मोबाइलवर नोंदणी, मग ओलावा 12 टक्क्यांच्या आत. परतीच्या पावसात भिजलेला कापूस कुठे वाळवायचा, याचे बटण त्या ॲपमध्ये नाही.

मी शेतकीची पदवी घेतली तेव्हा कपाशीला नत्र किती, स्फुरद किती हे पाठ केले होते. भाव कुठे ठरतो हे एकाही तासाला कुणी शिकवले नाही. ते गावोगावच्या बैठकांत शिकलो.

आता हिशेबाचे पाहू. नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली की, भारत कापूस उत्पादकांना 10 टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त मदत देतो. त्याच वर्षी जुलैमध्ये ओईसीडी, म्हणजे श्रीमंत देशांचीच संघटना, आणि दिल्लीची इक्रिअर यांचा अहवाल आला होता. तो म्हणतो, 2000-01 ते 2016-17 या काळात भारत सरकारच्या धोरणांनी शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नातून दरसाल सरासरी 14 टक्के काढून घेतले. चळवळीत ज्याला आपण उणे सबसिडी म्हणत आलो, ती हीच.

दोन्ही खरे कसे? व्यापार संघटनेच्या नियमात आजच्या हमीभावाची तुलना 1986-88 च्या जागतिक भावाशी होते. समजा, सालगड्याला आजचे साल ठरवून दिले आणि वहीत लिहिले, ‘1986 साली याचे साल एवढे होते, त्यावरचे सगळे दान.’ असा हा हिशेब. शिवाय अमेरिका म्हणते, सरकारने खरेदी केला तेवढाच नाही, सगळा कापूस धरा. जो कापूस खेडा खरेदीवाल्याने हमीभावाच्या खाली नेला, त्यावरही तुम्हाला सबसिडी मिळाली! ओईसीडीने त्या त्या वर्षीचा जगातला भाव धरला, म्हणून उणे आकडा निघाला.

अमेरिकेची स्वतःची वही पाहा. तिच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने 2002 मध्ये दावा लावला आणि 2005 पर्यंत अपिलातही जिंकला. अमेरिकेने अनुदान पुरते थांबवले नाहीच. पण 2010 पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी दरसाल रक्कम भरली आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या गरीब देशांनी 2003 मध्ये कानकूनला हेच गाऱ्हाणे मांडले. त्यांच्या हाती ठरावांपलीकडे फारसे पडले नाही. ब्राझीलच्या सरकारने आपल्या कापसासाठी वकील उभे केले. आपले सरकार कुणाची वकिली करते?

डंकेल प्रस्तावाच्या वेळी, 1991 नंतर, शेतकरी चळवळीत दोन तट पडले. शरद जोशी म्हणाले, बाजार उघडू द्या; कर्नाटकात नंजुंडस्वामींनी त्याविरुद्ध रान उठवले. मी तेव्हा शाळेत होतो, आणि आजही त्या वादात एकाच बाजूला पूर्ण माप घालणे मला जमत नाही. पण एक गोष्ट दोन्ही तटांना मान्य व्हावी. 1972 पासून जवळजवळ तीस वर्षे एकाधिकार खरेदीने आपला कापूस राज्याबाहेर जाऊ दिला नाही, तो मुंबईचा कायदा होता. 5 मार्च 2012 ला कापसाची निर्यात बंद केली आणि ओरड होताच आठवड्यात हुकूम सैल केला, तो दिल्लीचा. एप्रिल 2022 मध्ये कापूस दहा हजारांवर गेला तसे आयात शुल्क माफ केले, तेही दिल्लीनेच. यातले एकही काम जिनिव्हाने सांगितले नव्हते.

ज्वारीचे काय सांगावे! 2023 हे भरडधान्याचे वर्ष राष्ट्रसंघाने भारताच्याच मागणीवरून पाळले. रेशन दुकानात मात्र मुख्यतः गहू आणि तांदूळच.

कपाशीत घर भागत नाही म्हणून दसरा-दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातल्या वस्त्या कुलूप लावून कोयता घेऊन निघतात. तेव्हा जिल्हा बैठकीला येताना 2025 च्या हंगामातल्या कापूस विक्रीच्या पावत्या आणा. तारीख, वजन आणि भाव वाचता आला पाहिजे. सीसीआयने ओलाव्याच्या नावाखाली गाडी परत पाठवली असेल, तर तो दिवसही लिहून आणा. जे तोडीवर आहेत त्यांच्या पावत्या घरच्या म्हाताऱ्यांकडून घ्या. शुल्कमाफीच्या तारखा आपल्याजवळ आहेत. दोन्ही शेजारी ठेवून मागणीचा आकडा बैठकीतच काढू.