वॉटरगेटचा वॉचमन

वॉटरगेट म्हटलं की पांढरपेशे दोनच नावं घेतात. वुडवर्ड आणि बर्नस्टीन. वॉशिंग्टन पोस्टचे दोन वार्ताहर, त्यांनी म्हणे राष्ट्राध्यक्ष पाडला. वर्तमानपत्रवाल्यांना ही गोष्ट भारी आवडते, कारण तिच्यात हिरो वर्तमानपत्रवालेच. त्यांची मेहनत आम्ही नाकारत नाही. पण दोस्तहो, चोर पकडून दिले कुणी?

१७ जून १९७२ ची रात्र. वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत फ्रँक विल्स नावाचा २४ वर्षांचा काळा पोरगा रात्रपाळीचा वॉचमन होता. आठवड्याला ८० डॉलर पगार. फेरीत त्याला दिसलं, दाराच्या कुलपाच्या जिभेवर चिकटपट्टी मारलीय. दार लागतं, कुलूप लागत नाही. असेल कुणा कामगाराची म्हणून त्यानं ती उपटून टाकली. पुन्हा आला तर पट्टी परत जागेवर! पावणेदोनच्या सुमाराला त्यानं पोलीस बोलावले. सहाव्या मजल्यावर, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाचजण सापडले. जवळ कॅमेरे, चोरून ऐकायची यंत्रं. त्यातला एक निक्सनच्याच निवडणूक कमिटीच्या नोकरीत.

गोदीत आम्ही रात्रपाळ्या मारल्यात. त्या वेळेला डोळा कसा लागतो आणि दुसरी फेरी मारायला पाय किती जड होतो, ते आम्हाला विचारा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. निक्सननं स्वतःच्याच कचेरीत टेपा लावून ठेवल्या होत्या. जुलै १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या बाहेर काढायला लावल्या. चोरीनंतर सहाव्या दिवशी एफबीआयचा तपास सीआयएकरवी दाबायला साहेब राजी झाले होते, हे त्यांच्याच आवाजात निघालं. ९ ऑगस्टला गडी खुर्चीवरून उतरला. ८ सप्टेंबरला नव्या राष्ट्राध्यक्षानं, फोर्डनं, माफी देऊन टाकली. खटलाच नाही, तर तुरुंग कुठला!

त्या टेपा आता कुणालाही मोबाईलवर ऐकता येतात. आम्हीही ऐकतो, इंग्रजी अडखळत. त्यात ऑक्टोबर १९७१ चा एक फोन आहे. राष्ट्रसंघात चीनला जागा मिळाली, आफ्रिकी प्रतिनिधी खूश झाले, म्हणून कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर रोनाल्ड रेगन भडकलाय. त्यांना माकडं म्हणतो. म्हणतो, पायात जोडे घालायची सवय नाही अजून यांना. आणि निक्सन हसतो. सरकारी दफ्तरानं हा तुकडा खाजगी म्हणून कापून ठेवला होता, २०१९ मध्ये खुला केला. जोड्यांवरून कुणाची लायकी कशी काढतात, ते आमच्या बापजाद्यांना विचारायला नको. गावात वहाणा हातात घेऊन चाललेत ते.

आता फ्रँकचं ऐका. थोडे दिवस वाहवा झाली. १९७६ च्या सिनेमात स्वतःचंच छोटं काम मिळालं. मग धड नोकरी नाही. १९८३ साली ऑगस्टा गावच्या कोर्टानं त्याला एक वर्षाची शिक्षा ठोठावली. गुन्हा काय? दुकानातून बूट चोरले. किंमत १२ डॉलर. तेव्हा व्हाईट हाऊसमध्ये बसला होता तोच रेगन.

१९९३ मध्ये फ्रँकची आई मेली. पुरायला पैसे नव्हते, म्हणून प्रेत वैद्यकीय संशोधनाला देऊन टाकावं लागलं. पुढच्याच वर्षी निक्सन मेला. त्याच्या मातीला एक चालू आणि चार माजी राष्ट्राध्यक्ष रांगेत बसले होते, माफी देणारा फोर्डही आणि रेगनही. फ्रँक २००० साली गेला, ५२ व्या वर्षी.

त्या रात्रीच्या नोंदवहीचं पान मात्र अमेरिकन सरकारनं जपून ठेवलंय. त्यावर अक्षर फ्रँकचं.