विहिरीचें औषध व घरचा हंडा

मृगाचा पाऊस लागला म्हणजे आमच्या मुळशी तालुक्यांत भाताच्या रोपांबरोबरच हगवणीचाही हंगाम सुरू होतो. डोंगरउतारावरील सारी घाण पहिल्या पाण्याबरोबर ओढ्यांत व विहिरींत उतरते. ग्रामपंचायतीनें पाण्यांत टीसीएल पावडर टाकावी असा नियम आहे, व ती टाकल्याची नोंदही रजिस्टरांत होते. परंतु नोंद झाली म्हणजे पाणी शुद्ध झालें, हें मानण्यास आम्ही तयार नाहीं. महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें, चावडींत बसून लिहिलेली पीकपाहणी कशी असते हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे.

ताज्या पावडरींत क्लोरीन शेकडा ३३ च्या सुमारास असतो. पोतें दमट हवेंत उघडें राहिलें कीं त्याचें प्रमाण झपाट्यानें उतरतें, आणि तें शेकडा २० च्या खालीं गेल्यास पावडर निरुपयोगी समजतात. येथील पावसाळ्यांत बरणींतील मिठासही पाणी सुटतें. मग कोपऱ्यांत पडलेल्या पोत्याची काय कथा! १००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम पावडर, व नंतर अर्धा तास थांबणें, एवढेंच हें काम. शेवटच्या नळाचें पाणी ओटी परीक्षेंत पिवळें झालें, तरच औषध तेथवर पोंचलें. फवारणीचें माप डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या खातेदारांनीं हें माप पाहण्यास कां लाजावें?

तथापि सारा दोष पंचायतीवर लोटणें न्यायाचें नव्हे. विहिरीवर शुद्ध असलेलें पाणी घरच्या हंड्यांत नासतें, कारण पेला बुडवितांना बोटेंही बुडतात. लांब दांड्याचें ओगराळें फार महाग नसतें. अनुदानाच्या शौचालयांत सरपण रचलेलें दिसतें, आणि तान्ह्या मुलाची विष्ठा निरुपद्रवी समजून उकिरड्यावर टाकतात. वस्तुतः तीही तितकीच घातक होय.

साबणानें हात धुण्याचा उपदेश मात्र जपून करावा. १९२१ मध्यें येथें सत्याग्रह झाला, तरी धरण झालेंच, व त्याचें पाणी घाट उतरून भिऱ्यास वीज करूं लागलें. चैत्रांत जिला डोक्यावरून हंडे आणावे लागतात, त्या वाडीस आधीं पाणी द्यावें.

हगवण लागलेल्या मुलाचें पाणी तोडणें ही तर घोडचूक. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें घोटघोट पाजावें, व अंगावरचें दूध चालू ठेवावें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं अशाच क्षार-साखरेच्या पाण्यानें पटकीचे असंख्य रोगी वांचविले. डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली तर मात्र तत्काळ दवाखाना गांठावा.

येत्या ग्रामसभेंत पावडरीच्या पोत्यावरील तारीख व ओटी परीक्षेची नळी समक्ष दाखविण्यास आमच्या वाचकांनीं अवश्य सांगावें.