बंदरावरच्या टाक्या आणि आपली मळी

समुद्राचा आणि आपला काय संबंध, असे एखादा सभासद विचारील. प्रश्न रास्त आहे. मांजरसुंब्याहून दोन-चार जिल्हे ओलांडल्याशिवाय समुद्र दिसत नाही. पण आपल्या चौकात घटकाभर उभे राहून पाहावे. धुळे-सोलापूर रस्ता आणि पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता जिथे मिळतात, तिथून रात्रंदिवस टँकर जातात. कशात स्पिरिट, कशात तेल, कशात ॲसिड. उसाला टाकतो त्या डीएपीसाठी लागणारे फॉस्फोरिक ॲसिड आणि अमोनिया, साखर पांढरी करायला लागणारे गंधक, यांतला मोठा हिस्सा परदेशातून जहाजाने येतो आणि आधी बंदरावर उतरतो. तिथल्या टाकीला भोक पडले तर त्याची झळ आपल्या बांधापर्यंत पोचते.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, पालघर जिल्ह्यात वाढवण येथे मोठे बंदर होऊ घातले आहे. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. कंटेनरचे नऊ धक्के आणि त्यांच्या जोडीला पातळ मालासाठी चार धक्के आराखड्यात आहेत. जिथे पातळ मालाचा धक्का, तिथे आज ना उद्या टाक्या आल्याच. धक्क्यांवरची कामे सरकारी व खाजगी भागीदारीत व्हायची आहेत. म्हणजे पैसा सरकारचा, बँकांचा आणि भागीदारांचा. बँकांचा पैसा म्हणजे शेवटी ठेवीदारांचा, तुमचा-आमचा.

आम्ही बंदराच्या विरोधात नाही. माल गेला-आला पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, टाकीला कर्ज देताना टाकीभोवतीच्या बांधालाही त्याच वेळी, त्याच कागदावर कर्ज मिळाले पाहिजे. ‘आधी टाकी उभी करू, बांधाचं पुढं बघू’ हे चालायचे नाही.

पातळ माल म्हटले की आपल्याला विषारी वायू आणि पेट्रोलच आठवते. पण बंदरावरची एक गाजलेली दुर्घटना घडली ती आपल्या ओळखीच्या मालाने, मळीने. अमेरिकेत बोस्टन बंदराजवळ एका अल्कोहोल कंपनीने १९१५ साली मळीची टाकी बांधली. उंची ५० फूट, व्यास ९० फूट. पहिल्या महायुद्धामुळे अल्कोहोलला मागणी होती, म्हणून घाई. बांधकामावर देखरेख होती ती हिशेबाच्या माणसाची. त्याला इंजिनिअरिंगचे ज्ञान नव्हते. टाकी पाण्याने पूर्ण भरून पाहायची, ती तळाला काही इंच पाणी घालून पाहिली. पुढे सांध्यांतून मळी पाझरू लागली, तेव्हा डाग दिसू नयेत म्हणून टाकीला तपकिरी रंग फासला. १५ जानेवारी १९१९ रोजी भर दुपारी टाकी फुटली. सुमारे ८७ लाख लिटर मळीची लाट गल्ल्यांतून धावली. २१ माणसे मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. भरपाईचा निकाल लागायला १९२५ साल उजाडले. त्या टाकीत किती पैसा वाचवला असेल? एकदा पाणी भरण्याचा!

दुसरे उदाहरण हवाईतल्या होनोलुलू बंदराचे. सप्टेंबर २०१३ मध्ये जहाजात मळी भरणाऱ्या पाइपातून सुमारे १,४०० टन मळी समुद्रात गेली. मळी पाण्यापेक्षा जड, ती तळाला बसली. पाण्यातला प्राणवायू संपला आणि २६ हजारांवर मासे मेले. मळी काही विष नव्हे, आपण ती जनावरांच्या खाद्यात घालतो. पण जागा चुकली की तीच विष होते. नंतर त्या कंपनीला नुकसानीची भरपाई द्यावी लागली आणि तिथला मळीचा धंदाही बंद करावा लागला.

आपल्या देशातली उदाहरणेही आहेत. मुंबई बंदरातल्या बुचर बेटावर ६ ऑक्टोबर २०१७ रोजी डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि आग विझवायला काही दिवस लागले. सुदैवाने जीव गेला नाही. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरिनची टाकी तापली आणि वायू वस्तीत शिरला. बारा माणसे दगावली. कारखान्यात सायरन होते, पण ते वाजले नाहीत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरे काय!

कायदे नाहीत असे नाही. घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम १९८९ पासून आहेत, सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा १९९१ चा आहे, पर्यावरण मंजुरीची अधिसूचना २००६ ची आहे. पण कायद्याचा कागद फायलीत राहतो आणि पैशाचा कागद रोज हलतो. म्हणून आमच्या मते सुरक्षेची अट पैशाच्या कागदावर हवी. आपल्याला विहिरीचे कर्ज देताना बँक काय करते? खोदाई पाहिल्याशिवाय बांधकामाचा हप्ता सोडत नाही. साहेब येतो, विहिरीत डोकावतो, मगच सही करतो. गरीब कास्तकाराला जो नियम, तोच टाकीवाल्याला का नको?

तेव्हा बंदरावरच्या टाक्यांना कर्ज देताना चार गोष्टी मागाव्यात. सर्वांत मोठ्या टाकीतला सगळा माल मावेल एवढा पक्का बांध आणि आग विझवण्याची सोय झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये. टाकीची चाचणी बाहेरच्या जाणकाराकडून व्हावी आणि तिचा निकाल आसपासच्या गावांत मराठीत लावावा. विमा आणि नुकसानभरपाईची रक्कम आधीच बाजूला काढलेली असावी, बोस्टनसारखी सहा वर्षे वाट पाहायला लावू नये. आणि देखरेखीच्या समितीत किनाऱ्यावरचे मच्छीमार असावेत. वाढवणचे मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करीत आहेत. त्यांना कोणी विकासाचे शत्रू म्हणू नये. आपण उसाच्या भावासाठी रस्त्यावर बसतो, ते मासळीसाठी बसतात.

कोणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर धंदा परवडायचा नाही. यावर आमचे उत्तर आपल्याच धंद्यातले आहे. २०१८ पासून केंद्राने इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जावर व्याज सवलत दिली, अनेक कारखान्यांनी कर्जे काढली. मग ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले, ते पुरते उठले ऑगस्ट २०२४ मध्ये. मधल्या काळात हप्ते थांबले नाहीत. अशी ओढाताण झाली की पहिली कात्री लागते ती देखभालीला. व्हॉल्व्ह उद्या बदलू, रंग पुढच्या साली देऊ. म्हणूनच सुरक्षेचा पैसा पहिल्या दिवशी वेगळा काढावा, असा आमचा आग्रह आहे.

आता शेवटचे, आणि हे थोडे कडू लागेल. दुसऱ्याच्या टाकीकडे बोट दाखवताना आपल्या टाकीकडेही पाहिले पाहिजे. मळीची टाकी प्रत्येक साखर कारखान्यात असते. उन्हाळ्यात मळी तापली की फसफसते, टाकीवर पाणी मारून ती थंड ठेवावी लागते. आपल्या भागात मे महिन्यात ऊन किती आणि पाणी किती, हे सांगायला नको. बालाघाटात उगम पावणारी मांजरा पुढे धनेगावच्या धरणाला मिळते, त्या पाण्यावर किती गावे जगतात! २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस कोणी विसरलेले नाही. असल्या मुलखात एक ओढा नासला तर टँकर तरी कुठून भरायचा?

म्हणून येत्या वार्षिक सभेत लाभांश आणि भाव विचारून झाला की आणखी तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची सभासदांना विनंती आहे. आपल्या टाकीची जाडी शेवटची कधी मोजली? टाकी फुटली तर मळी कुठवर जाईल? आणि ती अडवायला बांध आहे का? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. कागदावर आलेली गोष्ट पुढच्या साली पुन्हा विचारता येते.

बंदरावाल्यांना चार अटी सांगण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण त्यांनी उलट विचारले, ‘तुमच्या टाकीचं काय?’ तर खाली मान घालायची पाळी येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.